डब्यांची रांग

चक्कीचा आवाज बसला तेव्हा आक्काच्या दोन्ही हातांत गव्हाचा डबा होता. आवाज बसतो म्हणजे नेमकं काय होतं, ते ज्यानं गिरणीत जन्म काढलाय त्यालाच कळावं. बाकीच्यांना तो नुसता गडगडाट. ह्याच गडगडाटानं आक्काचा डावा कान केव्हाच गिळला होता. पण उजवा शाबूत होता, आणि त्या एका कानावर तिनं नवऱ्यामागं ही गिरणी चालवली होती. दगड रिकामा फिरतोय की भरलेला, पट्टा ताठ आहे की सैल, सगळं तिला ऐकू यायचं. आता चक्की दम लागलेल्या माणसासारखी कण्हायला लागली.

"आली वाटतं कुणाची तरी गाडी चार्जिंगला," आक्का म्हणाली.

भिंतीला टेकून बसलेल्या रेडिओ वहिनीनं मान वाकडी करून दाराबाहेर बघितलं. ही शेजारच्याच घरातली बाई. तिचं तोंड काय ते झोपेतच बंद व्हायचं, म्हणून तिला हे नाव पडलं होतं आणि तिनंही ते आनंदानं लावून घेतलं होतं.

"काळी आहे," वहिनी म्हणाली. "लांबलचक. काचा वर. आतला माणूस दिसत नाही, पण असणार कुणीतरी."

"नसला तर बरं होईल."

बोलता बोलता पट्टा घसरला. जळक्या रबराचा वास सुटला, मोटर जागच्या जागी गुणगुणत राहिली आणि चक्की थांबली. आक्कानं डबा खाली आदळला आणि धावत जाऊन स्टार्टरचं लाल बटण दाबलं. कापडी नळीतून शेवटचं चिमूटभर पीठ खाली पडलं. गिरणीत शांतता झाली. ही शांतता आक्काला मुळीच सोसत नसे.

तोंडात गहू तसाच राहून चक्की थांबली, की नुसतं बटण दाबून ती पुन्हा सुरू होत नाही. वरचा दगड सैल करायचा, पहारीनं उचलायचा, अर्धवट भरडलेला गहू हातानं खरवडून काढायचा आणि दगड पुन्हा बसवायचा. हे काम खांद्याचं. आक्काचा उजवा खांदा ह्या उन्हाळ्यात असा काही धरला होता की वेणी घालायलाही हात मागं जात नव्हता. तरी तिनं पहार घातली. दगड वर आला तसा तिच्या तोंडून "आई गं" निघालं.

"अहो आई, मला हाक मारायची ना," म्हणत सून धावत आली आणि तिनं पहारीला हात लावला.

"तुला कशी मारू? तू पाहुण्यांच्या सेवेत."

"मी नुसती चार्जिंगची गन लावून आले."

"नुसती गन लावलीस आणि माझी चक्की बसली. अजून काही लावलं असतंस तर छप्पर बसलं असतं."

सून हसली नाही, पण रागावलीही नाही. दोघींनी मिळून दगड मोकळा केला. तेवढ्यात दारात गाडीवाला उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट, जाड भिंगांचा चष्मा. दर आठवड्याला तो ह्या रस्त्यानं चढापलीकडच्या कामावर जायचा.

"मावशी, ते पीठ बाहेर उडतंय. काचेवर सगळा थर बसलाय."

"गिरणी आहे बाबा. पीठच उडणार."

"दार लावून घेता आलं असतं ना."

"दार लावलं तर मी आत भाजून निघेन. गार हवा तुझ्या गाडीत आहे, माझ्याकडे नाही."

चष्मेवाल्यानं ओठ आवळले. अंगणातल्या पिंपातून त्यानं तांब्याभर पाणी घेतलं आणि सरळ काचेवर ओतलं. पिठावर पाणी पडलं की काय होतं, हे काय कुणाला सांगायला पाहिजे? रुमालानं पुसायला गेला तशी काचेवर कणीक व्हायला लागली. रेडिओ वहिनी खो खो हसत सुटली. रांगेतल्या बायकाही पदराआड हसल्या. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. जाताना त्यानं गिरणीकडे असं बघितलं की सून पहार ठेवून दारापर्यंत आली.

"आई, तो माणूस तक्रार करेल."

"करू दे. कणीक त्यानं मळली, मी नाही."

*

गाड्या चार्ज करायचं मशीन गिरणीपुढं आलं ते गिरणीमुळंच. आजूबाजूच्या पंचक्रोशीत रस्त्याला लागून तीन फेजची लाईन होती ती एवढीच. कंपनीची माणसं आली, खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे, डीपीकडे, मान वर करून बघितलं, म्हणाली, भागेल. रस्त्याकडेची मोकळी जागा आक्काची होती, ती त्यांनी मागितली. आक्काच्या मनात नव्हतं. पण पोराच्या मनात होतं. त्यानं जुना डिझेलचा टेम्पो काढून बॅटरीवरचा घेतला होता आणि चार्जिंगला शहरात जाऊन यायचं म्हणजे अर्धी बॅटरी जाण्यायेण्यातच संपायची. मशीन दारात आलं तर पोरगा दारात राहील, एवढंच आक्कानं बघितलं आणि हो म्हटलं.

पुढं भागलं मात्र नाही. डीपी एकच, त्यावर गावातली घरं, आक्काची चक्की आणि आता हे मशीन. चक्की जोरात असली की मशीन लाल दिवा लावून गप्प बसायचं, मशीन जोरात असलं की चक्की. रात्री म्हणावं, तर तेव्हा शेतावरच्या पंपांना लाईन सुटायची आणि दिवा सुद्धा उदबत्तीएवढा जळायचा. पोराचं बघून आणखी सहाजणांनी बॅटरीचे टेम्पो घेतले होते. कुणी दूध नेई, कुणी भाजी, कुणी सिमेंटच्या गोण्या. शिवाय रस्त्यावरच्या परक्या गाड्या. पुढं मोठा चढ, त्याआधी सगळ्यांना इथंच थांबायचं असे. गन एक आणि तोंडं दहा.

रोज सकाळी गिरणीपुढं तमाशा. दूधवाला म्हणे माझं दूध नासेल. भाजीवाली म्हणे माझी भाजी काय लोखंडाची आहे? सिमेंटवाल्याला सगळे घाई म्हणत, कारण त्याला सदा घाई. तो काहीच न म्हणता दुसऱ्याची गन काढून आपल्याला लावायचा. मग हमरीतुमरी. आत बायका दळणासाठी ताटकळायच्या. काहीजणींनी डबे उचलून पलीकडच्या गावातली गिरणी धरली, आणि आक्का जाणाऱ्या डब्यांकडे नुसती बघत राहिली.

एका संध्याकाळी पोरगा जेवता जेवता थांबला.

"कंपनीचा फोन होता. म्हणतात, तक्रारी फार आणि वापर कमी. ह्या उन्हाळ्यापुरतं बघतील. नाहीतर मशीन उचलून चढापलीकडे नेतील."

"नेऊ देत की," आक्का म्हणाली. "माझी चक्की तरी सुखानं फिरेल."

पोरानं ताटात बघत भात चिवडला. "मग आम्हाला शहरात खोली बघावी लागेल, आई. टेम्पो काय चक्कीवर चार्ज करू?"

आक्काचा घास तोंडातच फिरत राहिला. घरात तीनच माणसं. त्यातली दोन गेली की काय उरतं, हे तिनं मनातल्या मनात बघितलं आणि तिला ते बघवेना. सून उठून पाणी आणायला गेली. ती बराच वेळ आली नाही, कारण पाणी तर शेजारीच ठेवलेलं होतं.

*

दुसऱ्या दिवशी आक्कानं सगळ्या टेम्पोवाल्यांना गिरणीत बोलावलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"बायका माझ्याकडे भांडतात का रे कधी?"

"भांडतात की," रेडिओ वहिनी म्हणाली.

"तू गप्प. भांडतात, पण नंबरावरून भांडत नाहीत. का? डबा लावतात आणि घरी जातात. डबा पुढं सरकतो, नंबर आला की मी हाक मारते. उद्यापासून तुम्हीही डबे लावायचे. ऊन चढेपर्यंत चक्की. दुपारभर मशीन. ऊन उतरलं की पुन्हा चक्की. ज्याचा डबा पुढं त्याचा टेम्पो पुढं. डबा लावा आणि आपापल्या कामाला जा. नंबर आला की सूनबाई फोन करेल."

माणसांनी एकमेकांकडे बघितलं. सोपं होतं. इतके दिवस हे कुणाला सुचलं नव्हतं याचीच सगळ्यांना थोडी लाज वाटली.

सकाळी मशीनसमोर, गाडी उभी करायच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध, रांग लागली. दूधवाल्याची किटली. भाजीवालीचं टोपलं. पोराचा ऑइलचा डबा. कुणाचा रंगाचा, कुणाचा बिस्किटांचा. घाईला डबा आणायलाही सवड नव्हती; त्यानं पायातली एक चप्पल काढून लावली आणि उरलेल्या एका चपलेवर दिवसभर गोण्या वाहिल्या.

आणि काय सांगावं, जमलं. सकाळी चक्की अशी फिरायची की आक्काला जुने दिवस आठवायचे. दुपारी ती चक्की बंद करून पाठ टेकायची, बाहेर टेम्पो एकामागून एक येऊन जायचे. भांडण नाही, आरडाओरडा नाही. पलीकडच्या गावात गेलेले डबे एकेक करत परत आले. खांदा दुखायचाच, पण दगड उचलायची वेळ येईना, तेव्हा तोही जरा सैल पडला. आक्का येईल त्याला आपली अक्कल सांगत सुटली. एकदा तर रेडिओ वहिनीला म्हणाली, "कंपनीवाल्यांनी मला आधी विचारलं असतं तर."

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानात आली नाही. डबा म्हणजे नंबर, हे गिरणीवर येणाऱ्याला ठाऊक. रस्त्यानं येणाऱ्याला डबा म्हणजे नुसता डबा.

*

भर दुपारी चष्मेवाला आला तेव्हा मशीनपाशी चिटपाखरू नव्हतं. दूधवाल्याचं चार्जिंग होऊन तो गेला होता आणि पुढचा अजून यायचा होता. सून विहिरीवर होती, आक्का आतल्या खोलीत घोरत होती. चष्मेवाल्याच्या मोबाईलवर जागा मोकळी दिसत होती. समोर पांढऱ्या पट्ट्यांत टोपलं, डबे आणि एक चप्पल मांडून ठेवलेली. त्यानं हॉर्न दिला. आक्का डाव्या कुशीवर असती तर उजव्या कानानं ऐकलं असतं. ती उजव्या कुशीवर होती. त्याला ती कणीक आठवली, बायकांचं हसणं आठवलं. मुद्दाम केलंय, असं त्यानं ठरवून टाकलं, आणि गाडी तशीच चढाला घातली.

ऊन उतरलं तसं आक्कानं चक्की सुरू केली. बायका जमल्या. रेडिओ वहिनीचं दळण अर्धं झालं असेल, तेवढ्यात पोराचा टेम्पो येऊन थांबला. त्याच्या शेजारून चष्मेवाला उतरला. शर्ट पाठीला चिकटलेला, तोंड उन्हानं लालबुंद. तो दारापाशी आला पण उंबऱ्याच्या आत येईना.

"गाडी चढावर बंद पडली ह्यांची," पोरगा आवाज चढवून म्हणाला. "मी खाली येत होतो, तर हे रस्त्यात उभे. म्हणतात, दुपारी आले होते. जागा अडवलेली होती."

आक्काला प्रथम बरं वाटलं, खोटं कशाला बोला. भोग म्हणावं. मग तिनं त्या माणसाकडे नीट बघितलं. तो पिंपाकडे बघत होता आणि पाणी मागायला त्याची जीभ वळत नव्हती. तिनं स्वतः तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

"पी. काचेवर ओतू नकोस."

त्यानं घटाघटा पाणी संपवलं आणि तांब्या खाली ठेवला. "ते डबे कुणी ठेवले होते?"

पोरानं सुनेकडे बघितलं, सुनेनं जमिनीकडे.

"मी," आक्का म्हणाली. "म्हणजे ठेवले ज्यानं त्यानं, पण ठेवायला मी सांगितलं. ती आमची रांग आहे."

"मला वाटलं, मला अडवायला म्हणून."

"एवढ्यासाठी डबे मांडत बसायला मला वेळ कुठाय? पण तू परका. तुला कसं कळणार, हे मला सुचायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

हे म्हणताना तिला घाम फुटला होता. इतक्या बायकांसमोर चुकलं म्हणायची तिला सवय नव्हती.

"मी तक्रार केली," तो हळूच म्हणाला. "तिथं चढावर उभा राहून, रागात."

"मग परत घे."

"घेता येत नाही म्हणे. आणखी एक करता येते फक्त."

पोरानं कपाळाला हात लावला. पण आधी गाडी आणायला हवी होती. टेम्पोत बसतील तेवढे बसले. तोंडातला गहू सरू देऊन आक्कानं चक्की बंद केली आणि तीही चढली, नको म्हणालेल्या पोराला तिनं हातानंच गप्प केलं. चढावर गाडी वळवून तिचं तोंड खाली केलं. उतारावर ती आपोआप हळूहळू आली, पण सपाटीला लागल्यावर गप्प. मग सगळे मागून भिडले. चष्मेवाला स्टिअरिंग धरून, नंबर विचारायला आलेला घाई एका चपलेत, सून पदर खोचून, आणि आक्का डावा खांदा लावून. रस्त्यावरचं डांबर पायांना चटके देत होतं. गाडी आतून एवढी गार आणि बाहेरून एवढी जड असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

गिरणीत बायका तशाच बसलेल्या. डब्यात वहिनीचं उरलेलं दळण वाट बघत होतं. आक्कानं चक्कीकडे बघितलं, मग बाहेर सून हातात गन घेऊन उभी होती तिच्याकडे.

"लाव," ती म्हणाली. "आज चक्की बंद."

"आणि माझं पीठ?" रेडिओ वहिनी उठून उभी राहिली. "अर्धं झालंय."

"तुला शेजारून वाटीभर मिळेल. ह्याला ह्याच्या शेजारून काय मिळणार आहे?"

"शेजारी तूच आहेस माझी."

"मग माझ्याच घरातून ने."

वहिनी पुटपुटत बसली, पण उठून गेली नाही. भर दळणाच्या वेळेला आक्कानं स्वतःहून चक्की कधी बंद ठेवली नव्हती. मशीन घरघरायला लागलं. चष्मेवाला ह्या वेळी गाडीत बसला नाही. गिरणीच्या पायरीवर बसला आणि चढापलीकडच्या त्याच्या खोलीबद्दल, तिथं एकटं राहण्याबद्दल, बाहेरून आणलेल्या जेवणाबद्दल सुनेला सांगत राहिला. जाताना त्यानं गाडीच्या मागं बघितलं. काळ्या रंगावर पिठानं माखलेल्या हातांचे ठसे उमटले होते, दहा बोटं अगदी मोजून घ्यावीत असे.

"पुसू का?" सून म्हणाली.

"राहू दे," तो म्हणाला. "पाणी लावलं की काय होतं ते मला माहीत आहे."

रेडिओ वहिनी पुन्हा हसली. ह्या वेळी तोही हसला.

*

तक्रार मात्र पोचायची तिथं पोचली होती. कंपनीच्या मॅडम स्वतः बघायला येणार आणि त्या येऊन गेल्या की मशीन उचलणार, असं पोराला फोनवर स्पष्ट सांगितलं गेलं. तो शहरात जाऊन एक खोली बघून आला.  एका दुपारी आक्का आत गेली तर सून फळीवरची मोठी पातेली काढून पुसत होती. एक डावीकडे ठेवत होती, एक उजवीकडे.

"हे काय?"

"काही नाही. धूळ बसली होती."

आक्काला समजलं. डावीकडची इथं राहणार, उजवीकडची जाणार. सगळ्यात मोठं पातेलं सुनेनं डावीकडे ठेवलं होतं. एकट्या बाईला एवढं मोठं पातेलं कशाला लागतंय? आक्का गिरणीत गेली, रिकाम्या चक्कीला टेकून उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून रडली. चक्की बंद असल्यामुळं आवाज होऊ नये म्हणून जपावं लागलं.

मॅडम यायच्या दिवशी पोरानं सकाळीच सगळ्यांना दम भरला. "आज एकही डबा दिसता कामा नये." किटली, टोपलं, डबे, चप्पल, सगळं गिरणीमागं लपवलं गेलं. पांढऱ्या पट्ट्या झाडून लख्ख केल्या. टेम्पोही आणायचे नाहीत, गर्दी नको.

मॅडम आल्या त्या ऐन दुपारी, पाठीला पिशवी आणि पायात साधे बूट. मशीन उघडून त्यांनी आतलं बघितलं, डीपीकडे बघितलं, केबल हातानं चाचपली. तोंड कडक नव्हतं, पण गोडही नव्हतं. पोरगा त्यांच्यामागं हात बांधून फिरत होता.

"जागा स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पण मोकळीच आहे. माझ्याकडेही आकडा कमीच येतोय. व्होल्टेजमुळं मशीन बंद पडतं, हे खरं. पण त्यासाठी वेगळा डीपी टाकायचा, तर तेवढ्या गाड्या पाहिजेत ना. कुणासाठी टाकू?"

 "आहेत, मॅडम. असतात गाड्या," एवढंच पोरगा म्हणाला आणि मोकळ्या पट्ट्यांकडे बघून त्यालाच ते खोटं वाटलं.

आक्का दारात उभी राहून ऐकत होती. ती वळली आणि गिरणीमागं गेली. परत आली तेव्हा तिच्या एका हातात किटली होती, दुसऱ्यात टोपलं. तिनं ती पट्ट्यांच्या मधोमध नेऊन ठेवली.

"आई," पोरगा दबक्या आवाजात म्हणाला. "आई, नको."

ती पुन्हा गेली. ऑइलचा डबा, रंगाचा डबा. पुन्हा गेली. खांदा ठणकत होता, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही. शेवटी चप्पल आणली आणि रांगेच्या टोकाला ठेवली.

"ज्या डब्यांची तक्रार आली ते हे," ती म्हणाली. "मीच लावायला सांगितले होते. त्यापायी एका माणसाला उन्हात चढावर उभं राहावं लागलं. चूक माझी, पोराची नाही. आज तुम्ही येणार म्हणून ह्यांनी मागं लपवले."

मॅडम खाली वाकल्या. "कुणाचे आहेत?"

"ही किटली दूधवाल्याची. टोपलं भाजीवालीचं. हा माझ्या पोराचा. एकेक डबा म्हणजे एकेक टेम्पो. ही रांग आहे, बाई. गन एक आहे, म्हणून रांग आहे."

"आणि ही चप्पल?"

"तो घाईत असतो."

मॅडमच्या तोंडावर प्रथमच हसू आलं आणि लगेच गेलंही. त्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या.

"हे रोज लागतात?"

"रोज. आणि संध्याकाळी काही तसेच उचलून नेतात. नंबरच लागत नाही."

"माझ्या मोबाईलवर ह्यातलं काहीच दिसत नाही."

"डब्याकडे मोबाईल कुठाय," आक्का म्हणाली.

मॅडमनी बोटानं डबे मोजले. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "ज्यांना गन मिळाली तेवढेच आमच्याकडे मोजले जातात. वाट बघून परत गेले ते कुणी मोजतच नाही." त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला. डब्यांचे फोटो घेतले, समोरून, बाजूनं, चपलेचा जवळून. मग पोराला म्हणाल्या, "ह्या सगळ्यांना बोलवा. आत्ता येतील ते सगळे. मला त्यांच्याशी बोलायचंय."

सगळे आले. घाई सगळ्यात आधी आला आणि आल्या आल्या चप्पल घालून घेतली. मॅडम गिरणीच्या पायरीवर बसून एकेकाचं ऐकत राहिल्या. निघताना त्यांच्या पाठीवरच्या पिशवीला पीठ लागलं होतं.

"मी माझ्याकडून सगळं वर सांगते," त्या आक्काला म्हणाल्या. "होईलच असं नाही म्हणत. पण तोवर मशीन हलणार नाही. डबे मात्र पट्ट्यांच्या बाहेर लावा, काकू. आणि एक पाटी लिहा, परक्या माणसासाठी."

पाटी सुनेनं लिहिली. 'ही रांग आहे. डबा नसेल तर गिरणीत हाक मारा.' खाली आक्काच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ घातली: 'उजव्या बाजूनं.'

*

वाट बघायला लागली. उन्हाळा सरत आला. मधेच एकदा पोरगा म्हणाला, विसरले असतील, आणि आक्का त्याच्यावर खेकसली, कारण तिलाही तेच वाटत होतं. मोठं पातेलं डावीकडेच होतं.

मग एके सकाळी खांब घेऊन गाडी आली. वायरमन आले, खड्डे खणले, रस्त्यापलीकडे दुसरा डीपी चढवला. गावातली निम्मी माणसं बघायला. रेडिओ वहिनीनं तिथल्या तिथं सगळी हकीकत वायरमनांना पहिल्यापासून ऐकवली, आणि खांब लवकर उभा राहिला तो त्यामुळंच, असं घाईचं म्हणणं पडलं. त्याच दिवशी सुनेनं सगळी पातेली उचलून पुन्हा एका फळीवर लावली. आक्कानं ते बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

लाईन सुरू झाली त्या संध्याकाळी गिरणीत बायकांची गर्दी होती. चष्मेवाला गाडी लावून आत आला. त्याच्या हातात एक नवाकोरा स्टीलचा डबा होता, दुकानाची चिठ्ठीही अजून निघालेली नव्हती. त्यानं तो बायकांच्या डब्यांमागं, शेवटच्या नंबरावर ठेवला.

"हे काय?" आक्का म्हणाली.

"गहू. बाहेरचं जेवून कंटाळलो. आता स्वतः करून बघणार आहे."

"कणीक येते ना मळता?" रेडिओ वहिनीनं विचारलं.

"काचेवर येते," तो म्हणाला.

नंबर येईपर्यंत तो भिंतीला टेकून बायकांत बसला. बाहेर नव्या लाईनवर मशीन सुरू झालं आणि पहिला नंबर त्याच्या गाडीचा आला, तेव्हाच आतही त्याचा डबा पुढं सरकला होता. आक्कानं डबा उचलला, गहू चक्कीच्या तोंडात ओतायला घेतला आणि मधेच हात थांबवला. दारातून तिला सून दिसत होती. सुनेनं गन उचलली आणि काळ्या गाडीकडे गेली.

आक्कानं उजवा कान चक्कीकडे केला. आता बसेल. आता पट्टा घसरेल. तिचा डावा हात आपोआप स्टार्टरकडे गेला, लाल बटणावर अंगठा टेकला. रांगेतल्या बायका बोलायच्या थांबल्या. चक्की फिरत होती. कापडी नळीतून पीठ पडत होतं, बारीक, ऊन ऊन.

"काय झालं गं?" रेडिओ वहिनीनं विचारलं.

आक्कानं दाराकडे तोंड करून हाक मारली. "सूनबाई, लावलीस का गन?"

"केव्हाच लावली, आई," बाहेरून उत्तर आलं.

आक्कानं बटणावरचा अंगठा काढला. "काही नाही झालं," ती वहिनीला म्हणाली, आणि तिनं डब्यातला उरलेला गहू ओतला.